खरचुडीची शेंग तडकेपर्यंत कंदाला हात लावू नका

भाद्रपद सरत आलाय. सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आणि बांधाच्या गवतात खरचुडीला, म्हणजे कंदीलपुष्पाला, फुलं आहेत. हौशी संग्राहकांच्या गाड्याही याच दिवसांत फिरतात. फुलाशिवाय हा वेल गवतात सापडत नाही, म्हणून फूल दिसलं की तिथेच कंद उकरतात. शेंग अजून धरलेलीच नसते! परवापर्यंत वेल होते त्या बांधांवर मी आता नुसते खड्डे पाहतोय. चारदोनशे रुपयांसाठी आपलेच लोक कुदळ देतात, याचं जास्त वाईट वाटतं.

विकायचंच असेल तर बियांची रोपं करून विका. शिंगांसारखी जोडशेंग हिरवी असतानाच जुन्या धोतराची सैल पिशवी बांधा. शेंग एकदा तडकली की रुईसारख्या म्हाताऱ्या, म्हणजे केसाळ बिया, वाऱ्यावर जातात, हाती काही लागत नाही. शेंगेचं टोक पिवळसर झालं की चार-पाच दिवसांत तडकते, हा माझा अंदाज. रोज सकाळी बघा. कंद मात्र जागेवरच राहू द्या.

रोपांसाठी:
- जाड वाळू, तांबडी माती, कुजलेलं शेणखत
- ताजं बी, वर मातीचा पातळ थर
- अर्धी सावली, काडीचा आधार
- कूज दिसल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लिटरला २.५ ग्रॅम, मुळाशी

मुळ्या फुटायची पावडर, टॉनिक, महागडी तयार माती दुकानदार गळ्यात मारतील. यातलं काहीही लागत नाही. शिंदळ माकुडी ही कंदीलपुष्पाचीच नातेवाईक, शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी; तिचं तर तोडलेलं कांडंही रुजतं, त्यासाठी शिवनेरीचा कडा ओरबाडायला नको.

बांधावर तणनाशक नको, फुलोऱ्यात कीटकनाशकही नको. बारीक माश्या फुलाच्या नळीत अडकतात, नळीतले केस सुकले की सुटतात, परागीभवन त्याच करतात. माशी मेली तर शेंग कुठून धरणार?

जंगलातून उकरणं गुन्हा आहे. १९९८ च्या केंद्राच्या निर्यातबंदी यादीत कंदीलपुष्पाच्या प्रजाती आणि शिंदळ माकुडी दोन्ही आहेत. उकरणारे दिसले तर वनरक्षकाला आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला त्याच दिवशी कळवा.

कुंडीतला वेल दिवाळीनंतर वाळतो. मेला समजून लोक पाणी ओततात आणि झोपलेला कंद सडवतात. वेल वाळला की पाणी बंद करा, कुंडी पडवीत ठेवा, वळीव पडेपर्यंत माती हलवू नका.