लॉगची समीकरणं सोडवताना या चुका टाळा

सात रस्त्याजवळ मी अकरावीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेतो. एखादी संख्या मिळवायला पायाचा कितवा घात करावा लागतो, तो तिचा लॉग: २ चा तिसरा घात ८, म्हणून पाया २ धरला तर लॉग ८ = ३. लॉगचा धडा आला की वह्यांत दरवर्षी त्याच चुका सापडतात, आणि त्यातल्या बहुतेक आकडेमोडीच्या नसतात.

परवाचं गणित होतं, पाया २ धरून: लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३. अशोक चौकातून येणाऱ्या एका मुलीनं लॉगांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, हा नियम वापरून क्ष(क्ष − २) = ८ मांडलं, अवयव पाडले, ४ आणि −२ अशी उत्तरं काढून दोन्हींखाली रेघ ओढली. पायरी एकही चुकली नव्हती. पण मूळ समीकरणात −२ ठेवलं की लॉग (−२) येतो. २ चा कुठलाही घात ऋण होत नाही, मग हा लॉग आणायचा कुठून? लॉग एकत्र केले की फक्त गुणाकार धन असला तरी भागतं, आणि −२ गुणिले −४ म्हणजे ८ च. −२ शिरतं ते इथूनच. म्हणून पडताळा मूळ समीकरणातच घ्या, मधल्या पायरीत नको.

हे सांगितलं की मुलं दिसेल ते ऋण उत्तर खोडत सुटतात. तेही चूक. त्याच पायावर लॉग (१ − क्ष) = ३ सोडवलं तर क्ष = −७ येतं आणि ते बरोबर आहे, कारण कंसात ८ होतात. बघायचं ते कंसात काय येतं, क्षचं चिन्ह नव्हे.

उत्तर हरवण्याची चूक मला जास्त लागते, कारण ती पडताळ्यातही सापडत नाही. पाया १० असताना लॉग (क्ष²) = २ यात घातांक पुढे आणून २ लॉग क्ष = २ लिहिलं की फक्त १० मिळतं. सरळ क्ष² = १०० लिहा, −१० सुद्धा हाती येईल.

आणखी एक चूक बेरजेचा लॉग फोडण्याची. पाया १० च धरला तर लॉग (१० + १०) म्हणजे लॉग २०, साधारण १.३०१०, लॉग १० + लॉग १० मात्र २. स्कॉटलंडचे गणितज्ञ जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लॉग मांडले ते गुणाकार-भागाकाराचे कष्ट वाचावेत म्हणून. कंसातली बेरीज फोडायचा नियमच नाही. भागाकारातही तसंच: लॉग १००० भागिले लॉग १० हे ३ येतं, लॉग (१००० ÷ १०) मात्र २.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की समीकरण उतरवलं की त्याखाली आधी अटी लिही: क्ष > ०, क्ष − २ > ०, म्हणजे क्ष > २. दुसऱ्या दिवशीच्या गणितात नको असलेलं उत्तर तिनं स्वतःच खोडलं होतं, शेजारी कारणासकट.