वॉर्डासाठी गणवेशाचे नियम लिहिताना

कापडाचा रंग नंतर ठरवा, आधी कोपराखालचा हात. रुग्णाला हात लावताना बाही कोपराच्या वर आणि मनगट मोकळं, हा पहिला नियम. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत तो २००८ पासून आहे. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबला (हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाला) २० ते ३०, आणि दोन्हींत मनगट यायलाच हवं. घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा अंगठीच्या खड्यामागे साबण पोचत नाही, ओल मात्र टिकते. म्हणून घड्याळ छातीवर, उलटं लटकवलेलं. नखं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत; चिकटवलेली नखं अजिबात नकोत.

'दागिने घालू नयेत' एवढंच लिहिलंत तर जो तो सोयीचा अर्थ काढतो, आणि राउंडला सिस्टर इनचार्जच्या वाट्याला वाद येतात. स्पष्ट लिहा: बांगड्या नाहीत, अंगठी एकच आणि बिनखड्याची, मंगळसूत्र आखूड व गणवेशाच्या आत. लांब मंगळसूत्र वाकताना ड्रेसिंगला लागतं, बिथरलेल्या रुग्णाच्या हाती सापडतं. ओळखपत्राच्या दोरीचंही तेच. ती झटक्यासरशी सुटणारी हवी. चुंबकाची नेमप्लेट पेसमेकर बसवलेल्या रुग्णाजवळ नको.

केस बांधून कॉलरच्या वर. बूट पुढून-मागून बंद, तळ न घसरणारा. भोकांचे क्लॉग (वर छिद्रं असलेले, पायात सरकवायचे बूट) घालू देऊ नका, निसटलेली सुई थेट पायात जाते.

आता गणवेशाचे सेट. दोनच दिलेत तर एक वाळत असताना दुसरा पुन्हा अंगावर चढतो. किमान तीन द्या, पावसाळ्यात ते कमीच पडतात, शिवाय अंगावर रक्त उडालं तर बदलायला वॉर्डात एक जादा ठेवा. रक्ताने भिजलेला गणवेश घरी पाठवू नका, रुग्णालयाच्याच लॉन्ड्रीत द्या.

घरी धुवायचा असेल तर घरच्या कपड्यांपासून वेगळा. रक्ताचा ठिपका आधी थंड पाण्याने, हातमोजे घालून काढायचा. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का बसतो. मग डिटर्जंट घालून ६० अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटं. मशीन ठासून भरलं की पाणी खेळत नाही. बऱ्याच घरांत पाणी तापवणारं मशीन नसतं. म्हणून ६० अंशांचा नियम घालण्याआधी स्टाफला विचारा. निम्म्या जणींकडे सोय नसेल तर धुलाई रुग्णालयानेच घ्यावी. 'गणवेशात बस-लोकलने प्रवास नको' हेही लॉकर आणि कपडे बदलायची खोली दिल्यावरच लिहा.