ट्रॅकच्या बाइकवरची दुय्यम हवेची यंत्रणा कशी काढावी

माझ्या ट्रॅकच्या बाइकला चार सिलिंडर. प्लग बदलायला बसलो की हेड कव्हरवरच्या रबरी नळ्यांच्या गुंत्यातून हात घालावा लागे. त्या नळ्या दुय्यम हवेच्या. सुझुकी तिला ‘पेअर’ म्हणते, यामाहा ‘एआयएस’. एक्झॉस्टमध्ये क्षणभर दाब कमी झाला की रीड व्हॉल्व्ह (पातळ पात्याची एकेरी झडप) उघडतो, एअरबॉक्समधली, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यातली हवा एक्झॉस्ट पोर्टात ओढली जाते आणि उरलेलं इंधन तिथे जळून प्रदूषण घटतं. रस्त्यावर ही यंत्रणा हवीच, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीवरून ती काढू नका.

काढून ताकद वाढत नाही. पण मोकळ्या सायलेन्सरमधून थ्रॉटल सोडताना येणारे फटाके कमी होतात. शिवाय ट्यूनिंग करताना ही जादा हवा ऑक्सिजन सेन्सरला फसवते: मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ (इंधन कमी असलेलं) दिसतं आणि आपण उगाच इंधन वाढवत बसतो. माझ्या दृष्टीने हेच खरं कारण.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टाकी आणि एअरबॉक्स काढल्याबरोबर थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या उघड्या तोंडांवर, एकच मोठं फडकं अंथरा. लहान चिंध्या कोंबू नका, एखादी आत राहून जाते.

आता नळ्या ओळखा. घाई करायची नाही ती इथेच. एअरबॉक्सला क्रँककेसची ब्रीदर नळीही (इंजिनच्या खालच्या भागातला दाब बाहेर सोडणारी) येते आणि दिसायला ती तशीच असते. पहिल्या वेळी मी तीच बंद केली. दुसऱ्या सेशननंतर गॅस्केटच्या कडेने तेल पाझरलेलं दिसलं आणि पोटात गोळा आला, कारण ते तेल मागच्या टायरवर गेलं असतं तर मी पडलो असतो आणि मागून येणारेही. नळीत बोट फिरवा: ब्रीदर आतून तेलकट लागते. दुय्यम हवेची नळी सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेतून) हेड कव्हरवरच्या झाकणांकडे जाते. दोन्हींवर रंगीत टेप लावा. ब्रीदरला हात लावायचा नाही.

झाकणं काढा, रीड व्हॉल्व्ह उचला, बसायची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून साफ करा. त्या जागी 4 मिमी जाडीची सपाट अॅल्युमिनियम प्लेट बसवा, खाली जास्त तापमान सोसणाऱ्या सीलंटचा पातळ थर द्या. मूळ झाकण जाड असेल तर त्याचे बोल्ट आता लांब पडतात. ते भोकाच्या तळाला टेकतात, पाना घट्ट लागतो आणि प्लेट मात्र सैलच राहते. आखूड बोल्ट घ्या. टॉर्क मॅन्युअलमधलाच लावा. M6 ला तो साधारण 10 न्यूटन-मीटर असतो, आणि अॅल्युमिनियमचे आटे जोर सोसत नाहीत.

एअरबॉक्सवर उरलेलं भोक रबरी टोपी आणि क्लिप लावून बंद करा. ते फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ हवेच्या बाजूला असतं. उघडं राहिलं तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

सोलेनॉइडचा कनेक्टर सुटला की ईसीयू (इंजिनचा संगणक) बहुतेक वेळा एरर दाखवतो. व्हॉल्व्ह जोडलेलाच आहे असं त्याला भासवायला काहीजण तिथे रेझिस्टर लावतात. पण 20 ओहमच्या रेझिस्टरवर 12 व्होल्ट आले की सुमारे 7 वॉट उष्णता होते. पाव वॉटचा बिचारा लगेच जळतो. मी व्हॉल्व्ह वायरला जोडलेलाच ठेवून फ्रेमला झिपटायने बांधला आहे. वजन थोडं राहतं, पण डोकेदुखी नाही.

थ्रॉटल बॉडीत दुय्यम बटरफ्लाय (ईसीयूने हलणाऱ्या जादा झडपा) असतील तर त्या वेगळ्या; ईसीयूमधला इंधनाचा मॅप बदलल्याशिवाय त्या काढू नका.

सगळं जोडून झालं की इंजिन सुरू करून फुसफुस ऐका. पहिल्या सेशननंतर इंजिन थंड झालं की टॉर्च घेऊन प्लेटच्या कडा बघा. काजळीची रेघ दिसली तर तिथून एक्झॉस्ट गळतोय. प्लेट काढून पुन्हा बसवा.