पहिल्या विनोदी विज्ञान कादंबरीची ओळख कशी करून द्यावी

माझ्या कादंबरीचा खोका घरी आला, त्याच संध्याकाळी मी शेजारच्या काकूंना प्रत दाखवायला गेले. "कशावर आहे गं?" "विनोदी विज्ञान कादंबरी आहे." "वा, छान," म्हणत त्यांनी पुस्तक पालथं ठेवलं आणि चहा टाकायला गेल्या. पुढचे पंधरा दिवस मी सगळ्यांना हेच सांगत होते आणि सगळ्यांकडून "वा, छान" ऐकत होते.

म्हणून पहिली गोष्ट: प्रकार सांगू नका, गोष्टीतली अडचण सांगा. माझ्या कादंबरीत निफाडचा एक शेतकरी मंगळावरच्या वसाहतीला उन्हाळ कांदा विकतो. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगानं जातो, तरी मंगळावर पोहोचायला त्याला साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात, दोन्ही ग्रह एकमेकांपासून किती लांब आहेत त्यावर. म्हणजे बोलीला उत्तर यायला कधी कधी पाऊण तास. तोवर लासलगावात भाव पडलेला असतो. काकूंना दुसऱ्यांदा एवढंच सांगितलं, तर त्या गॅस बारीक करून म्हणाल्या, "मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायचा की नाही?" माझं तिसरं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे.

यातलं विज्ञान खरं असू द्या. मिनिटांचा आकडा खोटा निघाला तर ऐकणारा तिथंच सुटतो आणि विनोदही पडतो.

वाचून दाखवायचा उतारा मात्र जपून निवडा. सुरुवातीला मी पहिलं पान वाचायचे. त्यात वसाहतीचं वर्णन आहे, मला फार आवडतं, पण सभागृहात ते चालत नाही. आता मी पान 41 वाचते. माझ्या प्रतीत तिथं पेन्सिलीनं तिरप्या रेघा मारल्या आहेत: एक रेघ म्हणजे श्वास, दोन म्हणजे पूर्ण थांबा. शेतकरी भाव ओरडतो, "अठराशे एक!" त्यापुढे दोन रेघा. मी मान वर करून चार सेकंद गप्प राहते. खुर्ची करकरते, कुणीतरी खोकतं, आणि मग मागच्या रांगेतून हसू सुरू होतं. ती शांतता भरून काढू नका. विनोद समजावून तर मुळीच सांगू नका.

"मराठीत विज्ञानकथा वाचतं कोण?" हा प्रश्न येतोच. डिसेंबर 2021 मध्ये आपल्याच नाशिकला 94वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. मी एवढं सांगते आणि पुढे जाते.

एक प्रत नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला जरूर द्या. 1840 पासूनची संस्था आहे, तिथला वाचक मन लावून वाचतो.

तारखेचं म्हणाल, तर कुसुमाग्रजांच्या गावात 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कार्यक्रमांची गर्दी असते. आपल्याला 28 बरी: राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळा-कॉलेजांना त्या दिवशी वक्ता हवाच असतो. तिथं भाषण करू नका, लिलाव लावा. अर्धी मुलं वर्गात, अर्धी व्हरांड्याच्या टोकाला "मंगळा"वर, आणि भावाच्या चिठ्ठ्या घेऊन हळूहळू चालणारा एकच मुलगा. चिठ्ठी परत येईपर्यंत वर्गात दोन नवे भाव फुटलेले असतात आणि कुणाचा माल कुणाला गेला यावरून भांडण जुंपतं. ते ऐन रंगात आलं की पान 41 उघडा.