आधी विचारा, लेकरू घरी का नाही?

२०१२ साली पशुपतिनाथाच्या यात्रेला गेलो, तेव्हा नागपुरातल्या धरमपेठच्या आमच्या भिशीतल्या सहाजणींनी काठमांडूच्या एका बालगृहातल्या मुलीचा खर्च उचलला. नऊ वर्षांची होती. आईवडील नाहीत, असं सांगण्यात आलं. दर महिन्याला भिशीसोबत प्रत्येकी पाचशे रुपये वेगळे काढायचो. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला आणि आमचा जीव टांगणीला लागला. आठ दिवसांनी निरोप आला, पोरगी सुखरूप आहे, तिची आई येऊन घेऊन गेली.

आई! म्हणजे तीन वर्षं माय जिवंत असताना लेकरू तिच्यापासून दूर ठेवायचे पैसे आम्ही देत होतो. अजूनही ते आठवलं की पोटात तुटतं.

तुम्हालाही परदेशातल्या अशा मुलांसाठी काही करायचं असेल, तर संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: हे मूल घरी का नाही? बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ च्या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी 'शाळेत घालतो' म्हणून मुलं नेली आणि कागदोपत्री त्यांना अनाथ केलं. बालगृह भरलेलं दिसलं की देणगी येते, म्हणून ते भरलेलं ठेवलं जातं.

मग पुढचं विचारा. घरच्यांचा शोध कोण घेतो? गेल्या वर्षी किती मुलं घरी, मामा-काकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात गेली? गेल्यावर त्यांना भेटायला कोण जातं, किती वेळा? चांगल्या संस्थेकडे याची उत्तरं वहीत लिहिलेली असतात. दलालांच्या हातून सुटका झालेल्या मुलीला काही काळ सुरक्षित छप्पर लागतंच, त्यासाठी जरूर द्या. पण तिथून तिची पुढची वाट कुठली, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. भेटायला येऊन मुलांसोबत दिवस घालवा, असा आग्रह करणाऱ्या ठिकाणी मी आता पैसे देत नाही. मुलांचे फोटो आणि पत्रंही मागू नका. शाळेची पावती, हजेरी आणि निकाल मागा. नाव झाकलेलं असलं तरी चालतं.

कागदपत्रांचं सांगते. नेपाळच्या संस्थेला परदेशी मदत घ्यायला तिथल्या समाज कल्याण परिषदेची मंजुरी लागते. नोंदणी, मंजुरी आणि लेखापरीक्षण अहवाल, तिन्हींच्या प्रती मागवा.

आता पैसे. मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर अकरा वर्षं काढली, म्हणून हे सांगते. नेपाळच्या रहिवाशाशी व्यवहार डॉलरमध्ये करायचा नसतो, आपल्या रुपयातच करायचा. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, १९९३ पासून दर हाच आहे. एनईएफटीतून नेपाळला पैसे पाठवायची सोय २००८ पासून आहे, एका वेळी २ लाखांपर्यंत. संस्थेच्या खात्यावर देणगी पाठवता येईल का, हे मात्र शाखेत आधी विचारून घ्या. केनिया, कंबोडियासारख्या देशात पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेची एलआरएस, म्हणजे व्यक्तीने परदेशात पैसे पाठवायची योजना आहे: वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, पॅन, पैसे कशासाठी जातात ते लिहायचा ए-२ फॉर्म आणि धर्मादाय देणगीसाठी एस१३०३ हा कोड. फॉर्मवर 'कुटुंबाचा खर्च' असं कुणी लिहायला सांगितलं तर ऐकू नका. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, ते मनात धरूनच रक्कम ठरवा. आणि सगळ्यांचे पैसे एकीच्या खात्यावर गोळा करू नका. प्रत्येकीने आपापल्या नावाने पाठवावेत.

रक्कम लहान असू द्या, पण मधेच तोडू नका. एक वर्ष फी भरून हात काढून घेतला तर पोरगी सातवीतच घरी बसते. निदान दहावीच्या एसईई परीक्षेपर्यंत पुरेल एवढंच कबूल करा. गणवेश, वह्या, सॅनिटरी पॅड आणि परीक्षा शुल्क यांचा हिशोब वेगळा मागा, कारण शाळा मोफत असली तरी हे खर्च घरच्यांवर येतात.

आमच्या भिशीतून सध्या एका मुलीचं शिक्षण चाललं आहे. ती मामाकडे राहते, नववीत आहे. तिकडचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. म्हणून आमचे पैसे मार्चच्या भिशीलाच निघतात.