‘जुलमाचा रामराम’ कोठे म्हणावे

2 ऑक्टोबरची ग्रामसभा आमच्याकडे ऐन सोयाबीनच्या सोंगणीत येते. शेतात मजूर लावून आलेला माणूस सभामंडपात दाराजवळच बसतो, ठराव वाचला जात असताना आभाळाकडे पाहत राहतो, इतरांचे हात वर झाले की आपलाही कोपरापर्यंत उचलतो आणि रजिस्टरवर सही होताच चपला शोधू लागतो. अशा हजेरीला मराठीत ‘जुलमाचा रामराम’ असे नेमके नाव आहे. मनात नसताना, केवळ टाळता येत नाही म्हणून केलेली गोष्ट, हा त्याचा अर्थ.

हा वाक्प्रचार योजताना दोन गोष्टी पाहाव्यात. कृती वरवर का होईना पार पडलेली असावी आणि तिच्यामागे कोणाचा तरी दाब, भीड किंवा रिवाज असावा. सभेला जो फिरकलाच नाही, त्याला तो लागू पडत नाही. त्याने रामराम केलेलाच नाही. मन आहे पण अंगात बळ नाही, तेथे ‘उसने अवसान’ म्हणावे. तापाने फणफणलेला बाप मुलीच्या लग्नात वऱ्हाडाला हसतमुखाने सामोरा जातो, तेव्हा त्याचे अवसान उसने असते, रामराम मात्र खरा असतो. घाईघाईने डवरा फिरवून तण तसेच ठेवणाऱ्याचे काम ‘थातुरमातुर’ ठरते, कारण तेथे बोट कामावर ठेवायचे असते, मनावर नव्हे.

‘जुलूम’ हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आलेला. या वाक्प्रचारात त्याचे ‘जुलमाचा’ हेच रूप रूढ आहे. ‘रामराम’ मराठीत पुल्लिंगी असल्यामुळे ‘जुलमाची रामराम’ लिहू नये. हिंदीत ‘मेरी राम-राम’ असे स्त्रीलिंगी चालते आणि नागपूरकडे दोन्ही भाषा एकाच तोंडी नांदतात, म्हणून एवढे सांगावे लागते.

यात टोमणा आहे, तेव्हा ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर असताना हा प्रयोग टाळावा. पाहुणचाराच्या बाबतीत तर नक्कीच, कारण पाहुण्याचे मन राखण्यासाठी चहाचे आधण दुसऱ्यांदा ठेवणाऱ्या गृहिणीलाही तो झोंबतो. स्वतःविषयी मात्र खुशाल वापरावा. आमच्या वऱ्हाडी बोलीत तो तसाच अधिक शोभतो: ‘सायाच्या (साळ्याच्या) वास्तूले जाऊन आलो बापा, जुलमाचा रामराम करून.’