मांजर सारखं खाजवतं, पण पिसू दिसत नाही? ओला कागद वापरून बघा

शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत, मानेवर बारीक खपल्या हाताला लागतात, आणि अंगावर पिसू मात्र एकही नाही. मांजर चाटून चाटून पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे त्या सापडत नाहीत. ॲलर्जी असलेल्या मांजराला मोजक्या चाव्यांनीही भरपूर खाज सुटते.

१. पांढरा टिश्यू पेपर पाण्याने ओला करून मांजराखाली पसरा.
२. उवांची बारीक फणी शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवा. (मांजर जेवत असताना फिरवा, नाहीतर फणी राहील हातात आणि मांजर कपाटावर.)
३. फणीत आलेले काळे कण कागदावर झटका आणि मिनिटभर थांबा.

कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर रंग सुटत नाही. मात्र डाग दिसला नाही म्हणून पिसवा नाहीतच असं समजू नका. खाज चालू असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

डाग दिसला तर घरातल्या सगळ्या मांजर-कुत्र्यांना एकाच वेळी औषध लागतं. अंथरुणं ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा. कोषातल्या पिसवा कित्येक आठवडे तग धरतात, म्हणून एका डोसवर थांबू नका.

आणि कुत्र्याचं उरलेलं औषध मांजराला अजिबात लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो.